माणूस कामावर, शरीर घरी

टोकियोच्या निहोनबाशी भागात २०२१ च्या जूनमध्ये ‘डॉन’ नावाचं एक कॅफे सुरू झालं. तिथल्या टेबलावर वीतभर उंचीचा एक पांढरा रोबो बसलेला असतो. हात पक्ष्याच्या पंखांसारखे चपटे, डोळे हिरवे, चेहऱ्यावर ठरावीक असा कुठलाच भाव नाही. गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की तो मान वळवतो, हात वर करून नमस्कार करतो आणि बोलायला लागतो. बोलणारा असतो एक खराखुरा माणूस. तो त्या वेळी कदाचित शेकडो किलोमीटर दूर आपल्या घरी पलंगावर पडलेला असतो. कुणाला मणक्याच्या दुखापतीमुळे मानेखाली हालचाल नाही, कुणाला स्नायू झिजवणारा आजार आहे, तर कुणाचं शरीर धडधाकट आहे, पण घराचा उंबरा ओलांडायचा म्हटलं की जीव गुदमरतो. रोबोतल्या कॅमेऱ्यातून तो गिऱ्हाइकाला बघतो, ऑर्डर घेतो, गप्पा मारतो. थोड्या वेळाने चार फूट उंचीचा दुसरा रोबो ट्रे घेऊन संथपणे टेबलापाशी येतो. त्यालाही कुणीतरी घरूनच चालवत असतं. कॅफेत या कामगारांना ‘पायलट’ म्हणतात.

या कॅफेविषयी जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा यंत्राचं कौतुक आणि अपंगांच्या जिद्दीचं कौतुक असतं. दोन्ही कौतुकं मला अपुरी वाटतात. हा रोबो तांत्रिकदृष्ट्या फार पुढारलेला नाही. कॅमेरा, माइक, स्पीकर, काही मोटारी आणि बरं इंटरनेट एवढ्यावर तो चालतो. त्याने सिद्ध केलेली गोष्ट मात्र मोठी आहे. ज्यांना आपण ‘काम करू न शकणारे’ म्हणून बाजूला बसवलं, त्यातल्या अनेकांना अडवणारा त्यांचा देह नव्हता. कामाला येताना प्रत्येकाने आपला देह सोबत आणलाच पाहिजे, ही आपली अट त्यांना अडवत होती. ही अट आपण कधी तपासली नाही, आणि आता ती तपासल्यावाचून सुटका नाही.

या कल्पनेमागचा माणूस म्हणजे केंतारो योशिफुजी. जन्म १९८७ चा, नारा प्रांतातला. लहानपणी आजारपणामुळे शाळा बुडाली आणि मग ती सुटलीच. साधारण साडेतीन वर्षं तो घराबाहेर फारसा पडला नाही. पुढे वासेदा विद्यापीठात असताना त्याने ओरिहिमे हा रोबो बनवायला घेतला आणि २०१२ मध्ये ओरी लॅबोरेटरी ही कंपनी काढली. त्याने आपलं ध्येय एकटेपणा घालवण्याचं ठेवलं, अपंगत्वावर मात करण्याचं नव्हे. ओरिहिमेला चेहरा देताना जपानी नो नाट्यातले मुखवटे डोळ्यांसमोर होते. त्या मुखवट्यात हसू नाही आणि रडूही नाही. बघणारा मागच्या माणसाचा आवाज ऐकून त्यावर भाव चढवतो. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. हसरा चेहरा दिला असता तर आतला माणूस दुःखी असतानाही रोबो हसत राहिला असता.

पण कॅफेची खरी गोष्ट युता बांदा याच्यापासून सुरू होते. चार वर्षांचा असताना रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली. पुढची वीसहून अधिक वर्षं तो अंथरुणावर होता, शाळेतही जाता आलं नाही. हनुवटीने काठी हलवून तो संगणक चालवायचा. त्याने योशिफुजीशी संपर्क साधला, त्याचा सचिव झाला, ओरिहिमेतून सभांना हजर राहू लागला, दोघे मिळून भाषणं देऊ लागले. सचिव आहेस तर कॉफीही आणून देत जा, असं योशिफुजी एकदा त्याला गमतीने म्हणाला. त्यावर, मग तसं शरीर बनवून दे, असं बांदाचं उत्तर होतं. २०१७ मध्ये, विशीतच, बांदा गेला. दुसऱ्या वर्षी ट्रे उचलणारा ओरिहिमे-डी तयार झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियोच्या अकासाका भागात काही दिवसांपुरतं पहिलं कॅफे चाललं. पायलटना तासाला १,००० येन मिळाले. त्या वेळी टोकियोत किमान वेतन ताशी ९८५ येन होतं. म्हणजे मिळालं ते मानधनही नव्हतं आणि मदतही नव्हती. तो पगार होता.

हा आकडा मी मुद्दाम देतोय. जपानमध्ये अपंगांसाठी एका प्रकारच्या कार्यशाळा चालतात. तिथे काम करणाऱ्यांशी नोकरीचा करार होत नाही, त्यामुळे किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, आणि तिथली सरासरी मिळकत २०२२ पर्यंत महिन्याला सोळा-सतरा हजार येनच्या आसपास होती. तासाच्या हिशेबाने कॅफेतल्या पायलटने दोन आठवड्यांत अर्धवेळ काम करून कमवावं तितकंही ते नव्हतं. खोकी चिकटवायची, पाव भाजायचे, पिशव्या भरायच्या, आणि त्या श्रमाला ‘पुनर्वसन’ म्हणायचं. आपल्याकडेही मेणबत्त्या, पणत्या आणि कागदी पाकिटांच्या पलीकडे अपंगांच्या कामाची कल्पना फारशी गेलेली नाही. दिवाळीच्या प्रदर्शनात आपण त्या पणत्या सहानुभूतीने विकत घेतो, आणि त्या बनवणाऱ्या हातांना दिवसाची मजुरी किती मिळाली हे विचारायचं राहून जातं.

इथे एक रास्त शंका येते. घरबसल्या करता येणारी कामं तर आधीपासून आहेतच: टंकलेखन, भाषांतर, संगणकाची कामं. मग रोबो कशाला? योशिफुजी आणि बांदा यांना हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांनी शोधलेलं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा विचार वाटतो. धडधाकट माणूस आयुष्यात पहिलं काम बहुधा अंगमेहनतीचं करतो. हॉटेलात टेबलं पुसणं, दुकानात माल लावणं, काउंटरवर उभं राहणं. त्याला अनुभवाचा दाखला लागत नाही. त्या कामातून तो वेळ पाळायला शिकतो, चिडलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळायला शिकतो, सोबत्यांशी भांडायला आणि मिटवायला शिकतो. मग त्या जोरावर पुढची नोकरी मिळते. चौथ्या वर्षापासून अंथरुणावर असलेल्या मुलाला ही पहिली पायरीच नसते. त्याच्याकडून थेट बुद्धीच्या कामाची अपेक्षा केली जाते, आणि तिथे शिक्षण नाही, अनुभव नाही म्हणून नाकारलं जातं. टेबलापर्यंत कॉफी पोहोचवण्याचं काम त्याला ती हरवलेली पायरी देतं. कॅफेत काम केलेल्या काही पायलटना नंतर इतर कंपन्यांनी स्वागतकक्षात, दुकानात, कार्यालयात रोबोमार्फतच कामावर घेतलं, हे त्याचंच फळ.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. जपानच्या गुस्तो या उपाहारगृहांत मांजराच्या चेहऱ्याचे रोबो आपणहून ताटं पोहोचवतात. त्यांना कुणी चालवावं लागत नाही, आणि त्यांच्या मालक कंपनीने असे हजारो रोबो आणले आहेत. मग ट्रे न्यायला माणूस हवाच कशाला? ही बनावट नोकरी नाही का? मला तसं वाटत नाही, कारण वाढण्याचं काम हे कधीच नुसतं वाहून नेण्याचं काम नव्हतं. खानावळीतला जो वाढपी आपल्याला लक्षात राहतो तो ताट आणल्यामुळे राहत नाही. काल जेवला नाहीत, बरं नव्हतं का, असं विचारल्यामुळे राहतो. निहोनबाशीत लोक कॉफीसाठी जात असतील, पण थांबतात ते पायलटसाठी. टेबलावर त्याची ओळख करून देणारा मजकूर असतो: तो कुठल्या गावाहून बोलतोय, त्याला काय आवडतं, त्याची तब्येत कशी आहे. कित्येक गिऱ्हाइकं पुढच्या वेळी त्याच पायलटची चौकशी करत येतात.

एएलएस झालेल्या पायलटशी बोलणं कसं असतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. या आजारात हातपाय जातात, मग वाचा जाते, पुष्कळदा श्वासही यंत्रावर जातो. डोळ्यांची हालचाल मात्र बहुतेकांची बराच काळ टिकते. जपानमध्ये अशा रुग्णांशी बोलण्याची एक जुनी रीत आहे. पारदर्शक पाटीवर मुळाक्षरं लिहिलेली असतात, ती दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे धरायची. रुग्ण एका अक्षराकडे बघतो आणि समोरचा माणूस पाटी हळूहळू सरकवत त्याची नजर नेमकी कुठल्या अक्षरावर आहे हे ताडतो. एकेका अक्षराने शब्द, शब्दाशब्दाने वाक्य. ओरी लॅबने हीच पाटी संगणकाच्या पडद्यावर आणली. पायलट डोळ्यांनी अक्षरं निवडतो, वाक्य पुरं झालं की संगणक ते बोलून दाखवतो. आवाज जाण्याआधी आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला असेल, तर त्यावरून घडवलेल्या आवाजात. त्यामुळे तुम्ही प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच येत नाही. मधे शांतता असते. रोबो तुमच्याकडे बघत असतो आणि दूर कुणीतरी एकेक अक्षर वेचत असतं. गिऱ्हाइकाला थांबावं लागतं. घाईच्या शहरात, पैसे मोजून बसलेल्या माणसाने असं थांबणं हीदेखील त्या कॅफेतली एक देवघेव आहे. गिऱ्हाइकाला जे थांबणं जमतं ते आपल्या कचेऱ्यांना, बँकांना आणि मुलाखत घेणाऱ्या मंडळींना का जमू नये?

आता माणसांना घाबरणाऱ्यांविषयी. जपान सरकारच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार १५ ते ६४ या वयोगटात साधारण १४ लाख ६० हजार माणसं समाजापासून तुटून, घरात कोंडल्यासारखी जगतात. जपानीत त्यांना हिकिकोमोरी म्हणतात. सगळ्यांचंच कारण सामाजिक भय नसतं. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी शाळेतल्या छळाने मोडलेलं असतं, कुणी आईवडिलांच्या आजारपणात अडकलेलं असतं. पण ज्यांना दुसऱ्याच्या नजरेचीच भीती आहे, त्यांना रोबो काय देतो? तो नजर अडवतो आणि संवाद चालू ठेवतो. आपला घाम, थरथर, लाल झालेले कान कुणाला दिसत नाहीत. नको झालं तर बाजूला होता येतं.

यावर मानसोपचाराच्या बाजूने आक्षेप येऊ शकतो की भीतीला टाळत राहिलं तर ती वाढते. तिला थोडं थोडं सामोरं जाणं हाच इलाज आहे, आणि रोबोच्या आड बसणं म्हणजे टाळण्याची सोय. आक्षेप वजनदार आहे. पण रोबोतून गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस काहीच टाळत नसतो. अनोळखी माणसाला ‘काय घेणार’ असं विचारणं, त्याने ऐकलं नाही तर पुन्हा विचारणं, चूक झाल्यावर माफी मागणं, हे सगळं तो करतच असतो. भीतीचा एक भाग बाजूला ठेवून उरलेल्याला तो रोज भिडतो. काहींना यातूनच पुढे दार उघडून बाहेर पडावंसं वाटेल. काहींना कधीच वाटणार नाही, आणि त्यांचं कामही तेवढंच खरं राहील. बाहेर पडण्याची अट घालून दिलेली नोकरी म्हणजे नोकरीच्या वेषातला उपचार. माणसाला बरं करून मग कामाला लावायचं, या क्रमाचा आपला हट्टच मुळात तपासायला हवा.

पण इथे थांबलो तर मी अर्धंच बोललो असं होईल. कारण ‘बघा, हेही कामाला येतात’ या कौतुकाच्या पोटात एक भयंकर विचार दडलेला असू शकतो. २६ जुलै २०१६ च्या पहाटे टोकियोजवळच्या सागामिहारा शहरात अपंगांच्या एका निवासात एक माजी कर्मचारी शिरला आणि त्याने १९ जणांना ठार केलं. जे संवाद साधू शकत नाहीत, काही उपयोगाचे नाहीत, त्यांनी जगू नये असं त्याचं म्हणणं होतं. त्या देशात १९४८ पासून १९९६ पर्यंत अपंगांची सक्तीने नसबंदी करण्याला मुभा देणारा कायदाही होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला २०२४ मध्ये. अशा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर, जो रोबोतून ट्रे नेऊ शकतो त्याचं कौतुक करताना, जो डोळ्यांनीही अक्षर निवडू शकत नाही त्याच्याकडे आपण कसं बघतो, हा प्रश्न टाळता येत नाही. काम हा माणसाचा हक्क आहे. ते जगण्याचं भाडं नाही. पायलटच्या नोकरीची बाजू घेणाऱ्याने हे दोन्ही एका दमात म्हटलं पाहिजे. पुष्कळदा पहिलंच म्हटलं जातं.

त्याहून रोजच्या जगण्यातली एक अडचण आहे, आणि ती यंत्र कितीही सुधारलं तरी सुटणारी नाही. जपानमध्ये तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तीला घरी दीर्घकाळ काळजीवाहक मिळतो. खर्च बहुतांशी सरकार करतं. व्यवस्था चांगली आहे. पण तिला एक अट होती: ही मदत कमाईच्या कामासाठी वापरायची नाही. म्हणजे पलंगावर पडून छताकडे बघत असाल तर कफ काढायला, कूस बदलायला, श्वासाची नळी तपासायला माणूस मिळेल. त्याच पलंगावरून पगारी काम सुरू केलंत तर त्या तासांचा माणूस तुमच्या खर्चाने. जुलै २०१९ मध्ये एएलएसचे रुग्ण यासुहिको फुनागो आणि तीव्र अपंगत्व असलेल्या एइको किमुरा हे दोघे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले, तेव्हा ही अट चव्हाट्यावर आली. खासदार म्हणून काम करताना त्यांना काळजीवाहक मिळेना! शेवटी सभागृहाने तात्पुरता खर्च उचलला. ऑक्टोबर २०२० पासून कामाच्या वेळेतल्या मदतीसाठी स्थानिक पालिकांमार्फत योजना आली, पण ती राबवायची की नाही हे त्या त्या पालिकेवर सोडलं गेलं. चार फुटी रोबो बनवायला जितकी वर्षं लागली, त्याहून जास्त वर्षं ही एक ओळ बदलायला लागताहेत.

कायद्यातल्या अशा ओळींनी किती फरक पडतो ते उलट बाजूनेही दिसतं. जपानमध्ये खासगी कंपन्यांनाही अपंगांना नोकरी देण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. एप्रिल २०२४ पासून ते २.५ टक्के झालं, जुलै २०२६ पासून २.७ ठरलं आहे. पण आठवड्याला २० तासांहून कमी काम करणारा माणूस या मोजणीत धरला जात नव्हता. ज्याची ताकद दिवसाला दोन तासांची आहे त्याला घेऊन कंपनीच्या हिशेबात काहीच पडत नसे. एप्रिल २०२४ पासून तीव्र अपंगत्व असलेल्या आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आठवड्याचे १० ते २० तासही अर्धा कर्मचारी म्हणून मोजले जाऊ लागले. पायलटच्या नोकऱ्यांना याचा थेट उपयोग आहे.

आणि एक धोका, ज्याविषयी या चळवळीच्या मित्रांनी अधिक बोलायला हवं. दूरवरून शरीर चालवता आलं की ते कुठूनही चालवता येतं. टोकियोतल्या दुकानांमध्ये फ्रीजच्या शेल्फांवर मागून बाटल्या लावणारे टेलिएक्झिस्टन्स कंपनीचे रोबो अडले की त्यांना सोडवणारी माणसं फिलिपिन्समधल्या मनिलात बसलेली असतात. तिथली मजुरी जपानच्या मानाने कितीतरी कमी. ज्या दाराने अंथरुणावरचा माणूस आत येतो, त्याच दाराने स्वस्त मजुरी आत येते आणि त्याला बाहेर ढकलू शकते. म्हणून मला केवळ ‘रोबोमुळे अपंगांना रोजगार’ ही घोषणा पुरेशी वाटत नाही. तो रोजगार कुणाच्या नावावर आहे, करार कुठल्या देशाच्या कायद्याने झाला आहे, इंटरनेट बंद पडलं तर त्या तासाचा पगार कापला जातो का, कॅमेऱ्यातून पायलटचं बोलणं कोण ऐकतं, कोण साठवतं, आणि गिऱ्हाईक घाणेरडं बोललं तर त्याला बाहेर काढायला तिथे कुणी आहे का, हे प्रश्न रोबोच्या जन्माबरोबरच विचारले गेले पाहिजेत.

आपल्याकडे निहोनबाशीसारखं कॅफे लगेच निघेल असं मी म्हणणार नाही. जिथे हॉटेलातल्या पोऱ्याला राबवणं इतकं स्वस्त पडतं, तिथे रोबोवर पैसे कोण घालणार? पण प्रश्न आपला नाही असं नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातले साधारण तीस लाख महाराष्ट्रातले. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव ठेवल्या, पण खासगी क्षेत्राला फक्त उत्तेजन देण्याची भाषा केली. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी त्याच कायद्यात ३८वं कलम आहे, पण घरोघरी काळजीवाहक म्हणून राबते ती आई, आणि आईनंतर काय हा प्रश्न अशा प्रत्येक घरात दबक्या आवाजात बोलला जातो. ऐन उमेदीच्या वयात कमरेखाली अपंगत्व आलेल्या नसीमा हुरजूक यांनी नोकरी केली, पुढे कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे की एक उतार, एक रुंद दार आणि वापरता येईल असं एक स्वच्छतागृह माणसाचं आयुष्य कुठून कुठे नेतं. दूरस्थ कामाची सोय या उताराला पर्याय होऊ द्यायची नाही. घरून काम करा, मग आम्हाला कचेरीत रॅम्प बांधायला नको, असं कुणी म्हणू लागलं तर तो रोबो नव्या भिंतीचा दगड ठरेल. निहोनबाशीचं कॅफे स्वतः चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी रुंद मोकळ्या वाटा ठेवून बांधलं आहे, ही बाब म्हणून मला महत्त्वाची वाटते.

शिवाय आपल्याकडे एक पुरावा आधीच जमा आहे. वर्षानुवर्षं अपंग उमेदवारांना सांगितलं जाई की हे काम घरून होण्यासारखं नाही. २०२० च्या टाळेबंदीत तीच कामं काही आठवड्यांत पुण्या-मुंबईच्या घराघरांतून होऊ लागली, कारण आता घरी बसायची वेळ धडधाकटांवर आली होती. नंतर कचेऱ्या उघडल्या आणि अनेक ठिकाणी सगळ्यांना परत बोलावलं गेलं. त्या वेळी ज्यांना परत येणं अशक्य होतं त्यांच्यासाठी ती सोय कायम ठेवायला एकही नवं यंत्र विकत घ्यावं लागणार नव्हतं. चार टक्क्यांच्या सरकारी जागांपैकी टेलिफोनवरची तक्रारनिवारण केंद्रं, ग्रंथालयांची चौकशी, रुग्णालयातला नोंदणीचा काउंटर अशा ठिकाणी दूरस्थ हजेरी ही रीतसर हजेरी मानली, दिवसाचे दोन-तीन तास मोजणीत धरले आणि त्या तासांना काळजीवाहकाचा खर्च जोडून दिला, तर सुरुवात करायला टोकियोच्या रोबोची वाट पाहावी लागत नाही. भरती नियमांच्या मसुद्यात हे तीन बदल कसे लिहायचे ते अपंगांच्या संघटनांनाच विचारावं. कुठली अट कुठे टोचते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?